गच्चीला चुना, टिनाला पांढरा रंग : नवतपा लागायच्या आत उरकायचं काम

माझा शिवणक्लास गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत चालतो. वेळ दुपारी दोन ते पाच, कारण पोरींना तेवढाच वेळ मोकळा मिळतो. नागपुरातला मे ज्यांनी काढलाय त्यांना पुढचं सांगायला नको, तरी सांगते. कात्री उचलायची तर मुठीला पदर गुंडाळावा लागे. ड्रेसची चेन सरकावी म्हणून डब्यात मेणबत्तीचा तुकडा ठेवते, तो डब्यातल्या डब्यात वाकून केळ्यासारखा झाला होता. आणि खाली स्लॅबच्या घरात रात्री अकरा वाजता पंखा लावला की वरून वारा यायचा तो कढत.

आता तीन उन्हाळे झाले, मी दरवर्षी गच्चीला चुना मारते आणि टिनाला पांढरा रंग दिलाय. मैत्रिणी विचारतात, ले-आउटमधले, म्हणजे आमच्या वसाहतीतले लोक विचारतात. प्रत्येकाला जिन्यात उभं राहून सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच काढते. माझ्या चुकाही लिहिते, कारण पहिल्या वर्षी काम साफ बिघडलं होतं.

आधी मोजा

करोनात घेतलेली, कपाळावर धरून ताप मोजायची बंदूक घरात पडून होती. मे महिन्यात भर दोनला ती गच्चीच्या स्लॅबवर धरली. पडद्यावर नुसतं ‘हाय’ आलं. तिचं माप तापापुरतं, गच्ची तिच्या आवाक्यातच नव्हती. मग कूलर दुरुस्त करणाऱ्या पोराकडून कामाची तापमापक बंदूक दोन दिवस मागून आणली. बाहेर ४३ अंश होते. स्लॅब वरून ६२. तेव्हा खोलीत खुर्चीवर चढून छत मोजलं तर ३८. मला वाटलं, बरं आहे की. रात्री नऊला पुन्हा मोजलं, छत ४२. म्हणजे ऊन गेल्यावर छत जास्त तापलेलं. साडेचार-पाच इंचाचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि आपण अंथरुणं घातली की ते खाली सोडतो. कूलर रात्रभर ढणढणतो तो बाहेरच्या हवेशी नाही, डोक्यावरच्या या तव्याशी भांडत असतो.

उन्हाळ्यात भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर साधारण हजार वॅट ऊन पडतं. माझी गच्ची ६०० चौरस फुटांची, म्हणजे जवळजवळ ५६ चौरस मीटर. हजार वॅटच्या ५६ इस्त्र्या गच्चीवर पालथ्या घातल्यासारखं झालं. जुना करडा स्लॅब त्यातलं पाव ते तिसरा हिस्सा परत फेकतो, बाकी सगळं पोटात घेतो, म्हणजे चाळीसेक इस्त्र्या चालूच. गच्ची स्वच्छ पांढरी असेल तर पाऊण हिस्सा परत जातो, राहतात चौदा. या सगळ्या इस्त्र्या घरात उतरत नाहीत, बरीच उष्णता वाऱ्यावर जाते. पण चाळीस आणि चौदा यांतला फरक रात्री छताखाली झोपणाऱ्याला कळतोच.

यात नवीन काही नाही. माझं माहेर बुलढाणा जिल्ह्यात, धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर. आजोबा दर पावसाळ्याआधी गढीची पांढरी माती बैलगाडीनं आणून धाब्यावर पसरायचे, आणि आम्हा पोरांना वर नाचायला लावायचे, माती दाबायला. ती जाड पांढरी माती पाणीही अडवायची आणि ऊनही. आपण सिमेंटच्या घरात आलो आणि ती पांढरी माती मागे ठेवून आलो.

तुमचा विश्वास बसत नसेल तर आधी सगळी गच्ची रंगवूच नका. चार फूट बाय चार फुटांचा चौकोन चुन्यानं पांढरा करा, वाळू द्या, आणि दुपारी दोनला एक अनवाणी पाय आत, एक बाहेर ठेवून उभे राहा. बंदूक लागत नाही. बाहेरचा पाय तुम्ही स्वतःच उचलाल.

चुन्याचं काम

होळी झाली की तयारीला लागायचं. मे उजाडायची वाट पाहू नका, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत कडक नऊ दिवस, २५ मेच्या सुमारास लागतो आणि तेव्हा गच्चीवर उभंही राहवत नाही. आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये गारपीट, अवकाळी हेही असतं, म्हणून पुढचे तीन-चार दिवस आभाळ कोरडं आहे ना एवढं बघून घ्या.

पहिल्या दिवशी फक्त धुलाई. खराट्यानं झाडा, शेवाळाचे काळे डाग तारेच्या ब्रशनं घासा, ब्लीचिंग पावडरचं पाणी टाकून अर्धा तास ठेवा, मग भरपूर पाण्यानं धुऊन काढा. मागचे पोपडे सुटत असतील तर खरवडून काढा. पोपड्यावर मारलेला चुना पोपड्यासकट निघतो. केसाएवढ्या भेगा व्हाइट सिमेंट आणि चिकटवायच्या द्रावात भरून घ्या. पण छत गळत असेल, स्लॅबची सळई दिसत असेल, तर आधी गवंडी बोलवा. चुना गळती थांबवत नाही, हे मी मोठ्यानं सांगते, कारण दोन घरी त्याच आशेनं चुना मारून घेतला आणि जुलैत पातेली मांडली.

पन्हाळीच्या पाइपांच्या तोंडात पोत्याचा बोळा घट्ट बसवा. मी पहिल्या वर्षी विसरले. चुना पाइपात उतरून आतल्या आत घट्ट झाला, आणि पहिल्या पावसात गच्चीचं तळं.

चुना दोन प्रकारचा मिळतो. कळीचा, म्हणजे ढेकळं, आणि पोत्यातली विरवलेली पावडर. नवख्यांनी पावडरच घ्यावी. कळीचा स्वस्त आणि चांगला, पण तो विरवताना उकळतो, अक्षरशः उकळतो. मी प्लास्टिकच्या बादलीत विरवायला घेतला आणि बादलीचं बूड फुगून मऊ झालं. लोखंडी पिंप घ्या. आधी पाणी, मग त्यात थोडी-थोडी कळी. उलटं करायचं नाही, ढेकळांवर पाणी ओतलं की शिंतोडे तोंडावर येतात. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, पोरंबाळं खाली. डोळ्यात गेलाच तर चोळायचं नाही, नळाखाली डोळा धरून बराच वेळ धूत राहायचं आणि दवाखान्यात जायचं. विरल्यावर दोन दिवस पाण्यातच राहू द्या, मग जुन्या सुती लुगड्यातून गाळून घ्या.

माझ्या ६०० फुटांचं माप असं बसलंय: चुना २० किलो, व्हाइट सिमेंट ४ किलो, चुन्यात घालायचा चिकट द्राव १ किलो. पूर्वी यासाठी सरस किंवा डिंक घालत, आता हार्डवेअरच्या दुकानात डबा मिळतो. सिमेंट घातलेला माल दोन तासांत संपवायचा, म्हणून एका वेळी एकच बादली कालवा. हे सगळं सामान मला हजार-बाराशेच्या आत पडलं, मजुरी घरचीच. नीळ घालू नका. भिंतीला नीळ घातली की पांढरा उजळ दिसतो, पण तो डोळ्याचा भास. निळा रंग थोडं ऊन गिळतोच, आणि गच्ची काही पाहुण्यांना दाखवायची नाही.

आता खरी मेख. पहिल्या वर्षी मी चुना मारला तो मे महिन्यात, चारला, तापलेल्या कोरड्या स्लॅबवर. मारल्या मारल्या वाळला. दुसऱ्या दिवशी हात फिरवला तर पिठासारखा हाताला आला. आठवडाभर घरात सगळ्यांचे तळवे पांढरे, आणि वळवाचा एकच पाऊस पडला तर गच्ची पुन्हा करडी. मग एका म्हाताऱ्या रंगाऱ्यानं सांगितलं, बाई, चुना वाळत नाही, तो हवा खाऊन दगड होतो, आणि त्याला ओल लागते. शाळेत आपण हेच शिकलो होतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुन्याची पुन्हा चुनखडी होते, फक्त ते गच्चीवर लागू होतं हे कोणी सांगितलं नव्हतं.

म्हणून काम ऊन उतरल्यावर. साडेपाच-सहाला सुरू करा. स्लॅबवर पाणी मारा, डबकी राहू देऊ नका, नुसती ओल हवी. पहिला हात ताकाइतका पातळ, पूर्व-पश्चिम. मारताना तो जवळजवळ दिसतच नाही, ओला चुना पारदर्शक असतो. इथे सगळे घाबरतात आणि दाट थर चढवतात. दाट थराला भेगा पडतात आणि तो पापडासारखा उठतो. धीर धरा, सकाळपर्यंत आपोआप पांढरा होतो. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा ओल करून दुसरा हात, बासुंदीइतका दाट, उत्तर-दक्षिण, म्हणजे राहिलेल्या फटी भरतात. जिन्यापासून लांबच्या कोपऱ्यातून सुरुवात करून जिन्याकडे मागे मागे सरकत या. आमच्या ह्यांनी उलटीकडून सुरुवात केली आणि टाकीच्या ओट्यावर तासभर बसून राहिले. कठड्याची आतली बाजूही सोडू नका. पुढे दोन-तीन दिवस संध्याकाळी हलकं पाणी शिंपडा. नंतर कोरड्या फडक्यानं घासून बघा. थोडी भुकटी येणारच, पण फडकं भरून आलं तर द्राव कमी पडला समजा.

असं केल्यावर त्याच बंदुकीनं, बाहेर पुन्हा ४३ असताना, गच्ची ४७ भरली. रात्री नऊला छत ३७. खोलीतली हवा मात्र दोन-तीन अंशांनीच उतरली, त्याहून जास्त मी सांगणार नाही. पश्चिमेची भिंत तापते ती तापतेच, आणि याचा फायदा फक्त गच्चीखालच्या मजल्याला. तळमजल्यावरच्या भाडेकरूंना काही फरक जाणवला नाही, त्यांनी तसं तोंडावर सांगितलं.

टिनाचं वेगळं

टिनावर चुना मारू नका. धरत नाही, आणि ओला चुना जस्ताचा मुलामा खातो. लोक म्हणतात, टिन चकचकीतच असतो, तो ऊन परत फेकत नाही का? फेकतो, पण जेवढी उष्णता आत घेतो तेवढी सहजी बाहेर सोडत नाही. घासूनपुसून लख्ख केलेल्या स्टीलच्या डब्यात भाजी बराच वेळ गरम राहते ना, तसंच. पांढरा रंग दोन्ही करतो, फेकतो आणि सोडतोही.

साबणाच्या पाण्यानं टिन धुवा, गंज तारेच्या ब्रशनं काढा, गंजाच्या जागी रेड ऑक्साइडचा हात द्या. कोऱ्या टिनाला रंग धरत नाही, त्याला जस्ताच्या पत्र्यासाठीचा प्राइमर वेगळा मागा. त्यावर छपरासाठीचा पांढरा ॲक्रिलिक रंग, दोन हात. चढताना पाय पत्र्याच्या मधोमध ठेवायचा नाही. खिळे किंवा बोल्ट ज्या ओळीत दिसतात त्याखाली आधार असतो, त्या ओळीवर आडवी फळी टाका आणि फळीवरून चाला.

सिमेंटचे पत्रे असतील तर जास्तच जपा. जुन्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतो. तो कोरडा घासायचा नाही, खरवडायचा नाही, त्याची धूळ फुप्फुसात जाते. नुसता पाण्यानं भिजवून मऊ झाडूनं धुवा. आणि त्यावर कधीच उभं राहू नका, तो आवाज न करता फुटतो. शिडीवरून लांब दांड्याच्या रोलरनं जेवढं होईल तेवढं करा, बाकीचं माणूस लावून करून घ्या.

टिन पातळ, त्यामुळे तो ऊन साठवत नाही, लगेच खाली डोक्यावर मारतो. रंगानंतरही मी आतून जुन्या चादरींचं छत ताणलंय, पत्र्यापासून वीतभर खाली. दोन्ही मिळून आता कात्री नुसत्या हातानं धरता येते.

डब्यातला रंग घ्यायचा असेल तर

दुकानात ‘कूल रूफ’ नावाचे बरेच डबे मिळतात. चुन्यापेक्षा कितीतरी महाग, पण चार-पाच वर्षं चालतात आणि पायाला लागत नाहीत. दुकानदार ‘दहा अंश कमी’ असं सांगेल. ते ऐकू नका, त्याला दोन आकडे विचारा: ऊन किती टक्के परत फेकतो, आणि उष्णता किती सोडतो. दोन्ही मिळून एक एसआरआय नावाचा आकडा असतो, त्यात ठरावीक काळ्याला शून्य आणि ठरावीक पांढऱ्याला शंभर. नवा पांढरा रंग शंभराच्या आसपास हवा. व्यापारी इमारतींसाठीच्या २०१७ च्या ऊर्जा संहितेत सपाट छतानं कोरं असताना किमान ६० टक्के ऊन परत फेकावं आणि उष्णता सोडण्याचा आकडा (शून्य ते एक या मापात) किमान ०.९ असावा असं धरलं होतं. डब्यावर किंवा माहितीपत्रकावर हे छापलेलं नसेल तर तो नुसता पांढरा रंग समजा.

गच्चीचं वॉटरप्रूफिंग नव्यानं करणारच असाल तर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक करून घ्या. एकदाच खर्च, नंतर फक्त धुवायचं. मला ते आधी सुचलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

नंतरच्या कटकटी

चमक. शेजारच्या तीन मजली घरातल्या काकूंनी पहिल्याच आठवड्यात हाक मारली, तुमच्या गच्चीनं आमच्या स्वयंपाकघरात डोळे दिपतात गं. खरं होतं. चुना मॅट असतो म्हणून तितकं जाणवत नाही, चकाकणारा ऑइलपेंट मात्र मारू नका. काकूंच्या बाजूला मी कठड्यावर हिरवी जाळी लावली, आता त्या तिथून पुदिना मागतात.

कुरडया-पापड चुन्याच्या गच्चीवर थेट नको, खाटेवर घाला. पावसाचं पाणी विहिरीत किंवा बोअरमध्ये सोडत असाल तर पहिले दोन-तीन पाऊस बाहेर जाऊ द्या. आणि गच्चीवरची काळी पाण्याची टाकी विसरू नका. तिच्यातून दुपारी येतं ते पाणी म्हणजे चहाचं आधण. प्लास्टिकला रंग धरत नाही, मी तिच्यावर जुन्या पांढऱ्या चादरीची खोळच शिवून घातली. शिवणक्लास आहे कशाला?

धूळ हा मोठा शत्रू. नवी पांढरी गच्ची वर्षभरात बरीच मळते आणि तेवढं ऊन जास्त गिळते. एप्रिल आणि मेमध्ये महिन्यातून एकदा झाडून थोड्या पाण्यात पुसून काढते, पाण्याची टंचाई असली की नुसतं झाडते. पावसाळ्यात तर चुना अर्धा उतरतोच. मला ते चालतं, कारण हिवाळ्यात नागपूर चांगलंच गारठतं आणि तेव्हा थोडी करडी गच्ची बरीच. पुन्हा होळीनंतर बघू.

वीजबिलाचं विचारलं तर एप्रिल-मे मिळून माझी ७० युनिटं कमी आली. पण त्या वर्षी दीराकडची मंडळी सुट्टीत आली नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय चुन्याला देत नाही. नीट मोजलेलं हवं असेल तर हैदराबादचं बघा. तिथं दोन व्यापारी इमारतींवर मोजणी झाली, २०१२ मध्ये ती छापून आली. काळ्या छताचं पांढरं केल्यावर गारव्यासाठीची वीज १४ ते २६ टक्के वाचली, आणि कोऱ्या काँक्रीटच्या छताला पांढरा थर दिला तर १० ते १९ टक्के वाचेल असा अंदाज काढला.

मला हे सुचलं ते नणंदेमुळे, ती अहमदाबादला असते. २०१० च्या मे महिन्यात तिथं उष्णतेनं शेकड्यांनी माणसं गेली. मग २०१३ मध्ये महापालिकेनं उष्णतेचा आराखडा केला आणि २०१७ पासून गरीब वस्त्यांच्या छपरांना पांढरा रंग द्यायला घेतला. तेलंगणानं २०२३ मध्ये पाच वर्षांचं धोरणच आणलं, ३०० चौरस किलोमीटर छपरं गार करायची, त्यातली २०० एकट्या हैदराबाद भागात. माझ्या एका गच्चीनं ले-आउट गार होत नाही, ते मला कळतं. रात्री दहाला वर गेलं की आजूबाजूच्या करड्या गच्च्यांची धग अंगाला लागतेच. गल्लीतल्या अकरा गच्च्यांपैकी यंदा चार पांढऱ्या आहेत, त्यातली एक काकूंची.

उरलेल्या मालाचं एवढं लक्षात ठेवा. सिमेंट घातलेला फेकायचाच, तो दगड होतो. नुसता विरवलेला चुना मात्र पिंपात वर चार बोटं पाणी ठेवून झाकला की वर्षभर राहतो, उलट मऊ होत जातो. थोडा मी पेरूच्या बुंध्याला लावते. बाकी पिंप जिन्याखाली, कडीला कुलूप, कारण खाली भाडेकरूंची दोन वर्षांची पोर आहे.